सड्यावरचं विमान

आमच्या आळीत माझ्या वडिलांना 'विमानवाले' म्हणत. ते कचेरीत कारकून म्हणून लागले आणि कारकून म्हणूनच निवृत्त झाले. पण कुणाकडे नवा पाहुणा आला की शेजारी त्यांची ओळख करून द्यायचे ती अशी, "हे लढाईत विमानं उतरवायचे." मग पाहुणा पडवीत येऊन बसे, आई चहा टाकी आणि अण्णा गोष्ट सुरू करत.

गोष्ट ठरलेली होती. दुसऱ्या महायुद्धात सरकारने शहराबाहेरच्या सड्यावर, जांभ्याच्या उघड्या पठारावर, धावपट्टी केली. समुद्रावर टेहळणी करणारी लहान विमानं तिथे उतरत. अण्णांचं गाव त्या सड्याच्या पायथ्याशी, आणि ते तेव्हा ऐन विशीत. गोऱ्या साहेबाने त्यांना हेरलं आणि त्यांच्या हातात झेंडे दिले. हिरवा दाखवला की विमान उतरे, लाल दाखवला की पुन्हा वर जाई. "माझा झेंडा बघितल्याशिवाय एक विमान जमिनीला टेकलं नाही," असं म्हणताना ते खुर्चीतून उठून उजवा हात सरळ वर करत. तो हात वर गेला की लहानपणी माझ्या अंगावर काटा यायचा.

ते गाव बसने तासाभरावर होतं. तरी आम्ही तिथे कधी गेलो नाही, शिमग्याला नाही की गणपतीलाही नाही. ग्रामदेवतेची पालखी दारात येते म्हणून मुंबईचे चाकरमानी रजा नसली तरी धावत येतात, आणि आम्ही इथल्या इथे असून शहरातलीच होळी बघायचो. विचारलं की अण्णा म्हणायचे, "तिथे आता आपलं कोण आहे?" मला ते खरं वाटायचं. मी मोठी झाले, मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायला लागले, तरी खरंच वाटायचं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आमच्याकडे एक गृहस्थ आले. हवाई दलातून निवृत्त होऊन त्यांनी इकडे आंब्याची बाग घेतली होती. सगळे त्यांना साहेबच म्हणत. सड्यावरची ती धावपट्टी चाळीस वर्षं ओस पडली होती. लोक तिच्यावर गवत वाळत टाकत, पोरं क्रिकेट खेळत, कुणी मोटार शिकायला जाई. अर्धगोल पत्र्याच्या दोन बराकी तेवढ्या उभ्या होत्या. तिथे विमानांचं संग्रहालय करायचं साहेबांच्या मनात होतं. परवानग्या त्यांनी मिळवल्या होत्या, एक समिती केली होती, आणि आता त्यांना त्या काळचा माणूस हवा होता.

अण्णांनी गोष्ट सांगितली, हात वर केला. साहेब बघतच राहिले. "असा माणूस रत्नागिरीत आहे आणि मला कुणी सांगितलं नाही!"

त्या दिवसापासून अण्णा दहा वर्षांनी तरुण झाले. भर उन्हातही ते कोट घालून साहेबांच्या गाडीतून सड्यावर जाऊ लागले. मी समितीत होते. वस्तूंखाली लावायचे फलक लिहिणं माझ्याकडे आलं होतं. पहिल्यांदा आम्ही सगळे तिथे गेलो तेव्हा बराकीत गुडघाभर शेण आणि पाचोळा होता. माझ्या वर्गातल्या मुलींनी तो दोन रविवार उपसला. अण्णा काठीने दाखवत चालले होते. "इथे पेट्रोलचं कोठार. इथे साहेब लोकांचं स्वयंपाकघर. त्या तिथे वारा बघायची कापडी नळी. आणि इथे मी." त्यांना सगळं आठवत होतं. उतारावर जांभ्या दगडाचा एक चौकोनी गडगा होता, अर्धा ढासळलेला. "हे काय होतं?" साहेबांनी विचारलं. "ते काही नाही. असेल कुणाचं तरी परडं," असं म्हणून अण्णा पुढे गेले.

वस्तू येऊ लागल्या. नाटे बंदरातल्या मच्छीमारांनी जाळ्यात अडकून आलेलं विमानाच्या पंख्याचं वाकडं पातं दिलं. शहरातल्या एका डॉक्टरांनी त्या काळचा कंदील आणून दिला, विमानहल्ल्याच्या भीतीने काच काळी रंगवलेला. शेवटी विमान आलं. हवाई दलाने सेवेतून काढलेलं, शिकाऊ वैमानिकांचं जुनं विमान. पंख वेगळे, धड वेगळं, लांबलचक ट्रेलरवर बांधलेलं. सड्याच्या चढावर एका वळणाला ते अडकलं. बाजूच्या रायवळ आंब्याची फांदी तोडल्याशिवाय शेपूट वळेना आणि झाडाचा मालक तोडू देईना. त्याची समजूत घालता घालता दुपार झाली. मग अण्णा लाल कापड घेऊन ट्रेलरच्या पुढे उभे राहिले आणि पावलापावलाने त्यांनी ते धूड वर नेलं. मागे दोनेकशे माणसं चालत होती. वर पोचल्यावर कुणीतरी नारळ फोडला. एक बाई माझ्या कानाशी म्हणाली, "तुझे वडील अजून विमानं उतरवतातच गं." मी आनंदाने हसले. त्या हसण्याची आठवण झाली की आजही मान खाली जाते.

बराकीच्या मधल्या भिंतीवर अण्णांचा मोठा फोटो लावायचं ठरलं. खालचा फलक मीच लिहिला: 'धावपट्टीवरील निशाणवाले.' उद्घाटनाचा दीपही त्यांच्या हस्ते. पत्रिका छापून झाल्या, वाटूनही झाल्या.

मग साहेबांच्या मनात आलं की पायथ्याच्या वाडीत जावं. लढाई संपल्यावर लष्कराने टाकून दिलेले डबे, पत्रे, पेट्या लोकांनी घरी नेल्या असणार. अण्णा पहिल्यांदाच त्यांच्याशी वादाला उभे राहिले. "तिथे काही मिळायचं नाही. ती माणसं अशी वस्तू ठेवणारी नव्हेत." साहेब म्हणाले, बघून तर येऊ. अण्णांना त्या दिवशी ताप आला. मी आणि साहेब गेलो.

वाडीत पहिल्याच घरात एक म्हातारी भेटली. खळ्यात बसून कोकमं फोडत होती, हात मनगटापर्यंत लाल. साहेबांनी कामाचं सांगितलं. तिने सुनेला कोरा चहा ठेवायला सांगितला आणि माझ्याकडे निरखून बघितलं. "तू कोनाची गो बाय?"

मी मोठ्या आनंदाने सांगितलं, माझे वडील याच गावचे. त्यांचं नाव सांगितलं. धावपट्टीवर विमानांना झेंडा दाखवायचे ते, असंही सांगितलं.

म्हातारीचे हात थांबले. "इमानाला?"

"हो. हिरवा आणि लाल."

ती हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला. मग तिने आत हाक मारली, "आयकलंस काय गो? ह्यो इमानाला झेंडा दाखवीत व्हता!" आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "अगो, गुरांना दाखवीत व्हता तो. गुरांना."

मला आधी कळलंच नाही. सुनेने चहा आणून आमच्या हातात दिला.

तिने सांगितलं ते असं. सडा म्हणजे वाडीचं गुरचरण. आजापणज्यापासून गुरं तिथेच जायची. पट्टी झाली तरी गुरांना काय कळणार, ती जातच राहिली. विमान उतरायच्या वेळी म्हशी मध्ये उभ्या. तेव्हा गुरं हाकायला माणूस ठेवला, तो माझा बाप. गावचाच ठेवला, कारण कुठलं जनावर कुणाचं ते गावच्यालाच ठाऊक. पहिल्यांदा तो लाल फडकं हलवून, डबा बडवून गुरं खाली पिटाळायचा. मग हुकूम आला, धरा आणि कोंडा. त्या उतारावर कोंडवाडा बांधला आणि तो गुरं धरून आत घालायला लागला.

"दंड भरला काय सोडायची. दंडाला पैसा कुठला? मे महिना, आत पान्याचा थेंब न्हाय. आमचा पाडा गेला त्यात. नांगराचा तरना बैल. पेरनी तोंडावर." ती शांतपणे बोलत होती, जणू दुसऱ्याच कुणाचं सांगतेय. "माझा सासरा ह्याच्या पाया पडला. सख्खा चुलता ह्याचा. त्याने काय केलान? डोक्यावरची टोपी सरळ केलान नि बोल्ला, सायबाचा हुकूम हाय."

"मग?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

"मग काय. त्या साली एका बाजूला बैल नि एका बाजूला माझा घोव. जू त्याने खांद्यावर घेतलान." तिने हात पदराला पुसले. "म्हंजे मी तुझी चुलती लागते गो. चाय पी, थंड झाली."

साहेबांसमोर, सुनेसमोर, तोवर दारात जमलेल्या चार बायांसमोर मी कप तोंडाला लावून बसले, कारण तो खाली ठेवला असता तर तोंड लपवायला काहीच उरलं नसतं. माझे कान तापले होते. चांगली साडी नेसून, खांद्याला पिशवी लावून, मी त्या खळ्यात माझ्या बापाची फुशारकी मारायला गेले होते, आणि तीही यांच्यापाशी.

उठताना तिने सुनेला सांगून आतून पेट्रोलचा चौकोनी डबा आणवला. त्यात तांदूळ होते. तिने ते आमच्यासमोर सुपात ओतले, डबा उलटा करून ठोकला आणि साहेबांच्या हातात दिला. "घ्या. लिवलेला हाय त्याच्यावर कायतरी इंग्रजी. तुमच्या कामाचा."

"तांदूळ कशात ठेवाल?" साहेब म्हणाले.

"ठेवीन कशात तरी."

आम्ही शहरात परतलो. आमच्या आळीच्या तोंडाशी साहेबांनी गाडी थांबवली. "पत्रिका वाटून झाल्यात," ते समोर बघत म्हणाले. "मोठे अधिकारी येणार आहेत. काय करायचं ते तुमच्या वडिलांनीच ठरवावं. माझ्याकडून एक शब्द बाहेर जाणार नाही." त्यांचा चांगुलपणाच मला सोसला नाही. मी नमस्कारही न करता उतरले.

अण्णा माजघरात पांघरूण घेऊन पडले होते. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "काकू भेटली. चुलतकाकू."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. पण पांघरुणाखालची त्यांची पावलं जवळ ओढली गेली ती मला दिसली.

"अण्णा, हिरवा झेंडा होता का?"

ते म्हणाले, "लाल होता."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. मी तिच्याकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"लग्न ठरलं तेव्हाच मला सांगितलं त्यांनी," आई म्हणाली. "सांगून रडले होते. पुढे शहरात आल्यावर कुणीतरी विचारलं, लढाईत काय करत होतात, तर हे म्हणाले झेंडा दाखवायचो. तेवढंच म्हणाले होते. विमानाला, हे त्या माणसानेच गृहीत धरलं. मग ते तसंच राहिलं."

अण्णा उठून बसले. मला वाटलं, आता सबब सांगतील: हुकूम होता, लढाई होती, पोटाचा प्रश्न होता. ते म्हणाले, "उताराच्या खालच्या अंगाला वाट होती. तिथून गुरं घालवली असती तर परत वर आली नसती, दिवसभर तरी. मला ठाऊक होतं. पण गोरा साहेब बघायचा ना, किती धरली ते. मला वाटायचं, हा बघतोय." मग म्हणाले, "त्या पाड्याला मी पाणी नेलं होतं. उशिरा नेलं."

मी सुचवलं, ताप आहेच, तर उद्घाटनाला जाऊ नका. दुसरं कुणी दीप लावील. त्यांनी मान हलवली. जायचं की नाही जायचं, कशाला मान हलवली ते मला उद्घाटनाच्या सकाळपर्यंत कळलं नाही. सकाळी ते कोट घालून तयार होते.

सड्यावर मांडव घातला होता. विमानाला पंख जोडून, धुऊन पुसून उभं केलं होतं, झेंडूच्या माळा घातल्या होत्या. ते बघायला अख्खा तालुका लोटला होता आणि वाडीही आली होती. साहेबांनी त्यांना मुद्दाम बोलावणं पाठवलं होतं. मागच्या बाजूला, उन्हातच, ती माणसं उभी होती. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि पाठीला डोळे फुटल्यासारखी मला ती दिसत होती.

साहेबांनी बराकीतला फोटो उतरवला नव्हता, फक्त खालचा फलक काढला होता. पण निवेदन करणाऱ्या प्राध्यापकांना हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी जुनंच भाषण वाचलं. "ज्यांच्या झेंड्याच्या इशाऱ्यावर आकाशातली विमानं उतरत, ते आपल्या रत्नागिरीचे सुपुत्र..." टाळ्या झाल्या. मागून कुणीतरी शिटी घातली आणि वाडीच्या बाजूला हशा पिकला. पुढच्या खुर्च्यांवरच्या पाहुण्यांना तो कौतुकाचा वाटला असावा, कारण तेही हसले. अण्णा उठले. साहेबांनी पेटवून दिलेल्या मेणबत्तीने त्यांनी दीप लावला. मला वाटलं, आता तरी ते माईकपाशी जातील. गेले नाहीत. गळ्यात हार घालून घेतला, खाली बसले आणि हार काढून मांडीवर ठेवला. शेजारच्या मुख्याध्यापिका मला म्हणाल्या, "किती साधे आहेत हो तुमचे वडील." मी साडीच्या काठाचा एक दोरा ओढत राहिले.

कार्यक्रम संपल्यावर लोक विमानाभोवती जमले. अण्णा मांडवातल्या खुर्चीतच बसून होते. काकू नातवाचा हात धरून आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. अण्णा ताडकन उठले. मी जवळच होते.

"वयनी," ते म्हणाले.

"म्हातारा झालास," काकू म्हणाली. "चल, इमान दाखव."

ते तिला घेऊन गेले. लोकांनी 'विमानवाल्यांना' वाट करून दिली. काकूने विमानाच्या चाकावर हात ठेवला, पंखाखाली वाकून बघितलं, पोराला बघू दिलं. मग विचारलं, "ह्याच्यापायी काय रे आमचा पाडा मेला?"

अण्णा म्हणाले, "नाही. हे नंतरचं. हे इथे कधी आलंच नव्हतं."

"मग तो कुठं हाय?"

"तो गेला, वयनी. लढाई संपली तेव्हा सगळीच गेली."

"म्हंजे ह्यो दुसराच." तिने विमानाकडे पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं. "मोठा हाय," म्हणाली आणि पोराला घेऊन उतरणीला लागली. माफ केलं असं तिने म्हटलं नाही आणि अण्णांनी माफी मागितलीही नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही, निदान माझ्यासमोर तरी नाही.

पुढच्या आठवड्यात अण्णांनी मला एक फलक लिहायला सांगितला. 'येथे वाडीची गुरे कोंडली जात.' समितीत त्यावर बरीच बोलाचाली झाली. एका वकिलांचं म्हणणं, विमानांच्या संग्रहालयात गुरांचा विषय कशाला? लोक इथे अभिमान वाटावा म्हणून येणार. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्या ढासळलेल्या गडग्यापाशी स्वतः खांब पुरून फलक लावला. बराकीतला आपला फोटो अण्णांनी उतरवायला लावला. मी तो घरी आणला आणि आईने तो कपाटामागे ठेवला.

अण्णा मात्र दर रविवारी सड्यावर जात राहिले. कोट न घालता, साध्या सदऱ्यावर. येणाऱ्यांना ते विमान दाखवायचे आणि मग गडग्यापाशी नेऊन खरी गोष्ट सांगायचे, मध्ये एकही गोष्ट न गाळता. पाणी उशिरा नेल्याचंसुद्धा. लोकांना ती फारशी रुचत नसे. पोरं कंटाळून विमानाकडे पळत.

मला वाटलं होतं, खरं बाहेर आल्यावर माझ्या मनावरचं ओझं उतरेल. तसं झालं नाही. पहिल्यांदा खोट्याची लाज वाटली होती, आता खऱ्याची वाटू लागली. बाजारात कुणी हसून बघितलं की मला वाटे, यालाही सांगितलं असणार. एका रविवारी मी त्यांना आणायला गेले होते. मुंबईचं एक कुटुंब आलं होतं. अण्णांचं सांगून झालं तेव्हा त्यातले गृहस्थ मोठ्याने हसले. "म्हणजे आजोबा, तुम्ही गुराखी होतात!"

"नाही," अण्णा म्हणाले. "गुराखी गुरं राखतो."

गृहस्थ विमानाकडे वळले. त्यांच्या बायकोने मुलांना हाका मारल्या. अण्णांनी बाजूला ठेवलेली छत्री उचलली, मला बघून म्हणाले, "कधी आलीस?" आणि आम्ही बस गाठायला उतरणीने चालू लागलो.